लोणार सरोवराच्या प्राणिशास्त्रीय अभ्यासाची वाटचाल : क्षारखाणीपासून जलपरिसंस्थेपर्यंत

बीजशब्द : लोणार, अल्कधर्मी सरोवर, प्राणिप्लवक, जलकीटक, विद्यापीठीय संशोधन, वऱ्हाड

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, मेहकर तालुक्याला लागून असलेले लोणार सरोवर जगाच्या वैज्ञानिक नकाशावर ठळकपणे नोंदलेले स्थळ आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकात उल्काघाताने निर्माण झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून त्याच्या तळाशी सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे खारे व तीव्र अल्कधर्मी पाणी साठलेले आहे. साधारण गोड्या पाण्याचा सामू ७ ते ८ च्या आसपास असतो. लोणारच्या पाण्याचा सामू दीर्घकाळ १० च्या घरात नोंदला गेला. मेहकर, हिवरा आश्रम, सुलतानपूर या परिसरातील विद्यार्थ्यांना लोणार सहलीचे ठिकाण म्हणून परिचित असते. पाठ्यपुस्तकात ते उल्काघाताचे उदाहरण म्हणून येते. पर्यटकाला त्याच्या काठावरील प्राचीन मंदिरे आकर्षित करतात. परंतु या पाण्यात कोण जगते, कसे जगते आणि ते जगणे कोणकोणत्या अवलंबनांवर उभे आहे, हा प्रश्न अभ्यासकांपुढे बराच उशिरा आला.

लोणारसंबंधी लिखित उल्लेखांची परंपरा चार शतकांहून अधिक जुनी आहे. त्या तुलनेत तेथील जीवसृष्टीच्या पद्धतशीर अभ्यासाचे वय फार तर काही दशकांचे आहे. ही तफावत का निर्माण झाली, ती कशी भरून निघू लागली आणि तिच्यातील कोणता भाग आजही रिकामा आहे, याचा ऐतिहासिक शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. लोणार सरोवरासंबंधीच्या संशोधनाचे कालानुक्रमे टप्पे निश्चित करणे.
२. प्राणिशास्त्रीय व जलपरिसंस्थाविषयक संशोधन उशिरा सुरू होण्याची कारणे तपासणे.
३. जलकीटकांच्या अभ्यासाचे या परिसंस्थेतील महत्त्व स्पष्ट करणे.
४. परिसरातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना उपलब्ध असलेल्या संशोधनसंधीचा विचार करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. मोगलकालीन व ब्रिटिशकालीन नोंदी, भूशास्त्रीय व जीवशास्त्रीय प्रकाशित संशोधन आणि शासकीय घोषणा या दुय्यम साधनांच्या आधारे विवेचन केले आहे. तुलनेसाठी पूर्व आफ्रिकेतील सोडा सरोवरे व अमेरिकेतील मोनो सरोवर यांच्या संशोधनाचा इतिहास विचारात घेतला आहे.

१. पहिला टप्पा : क्षाराचे सरोवर

लोणार हे नावच लवणाशी जोडलेले आहे. लवणासुराचा वध विष्णूने केला या स्थानिक आख्यायिकेत आणि गावातील दैत्यसूदन मंदिराच्या नावातही हा संबंध टिकून राहिला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने सिद्ध केलेल्या ‘आइन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख येतो. काच व साबण तयार करण्यासाठी लागणारे पदार्थ येथे मिळतात आणि त्यापासून राज्याला महसूल मिळतो, असा त्या नोंदीचा आशय आहे. लोणारची पहिली महत्त्वाची लिखित ओळख अशा रीतीने महसुली स्वरूपाची होती.

१८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारला भेट देऊन त्याची नोंद केली. त्या वेळी वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेल्यानंतर लोणारच्या क्षारांकडे पाहण्याची दृष्टी अधिक काटेकोर झाली. परंतु तिचे केंद्र बदलले नाही. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुलढाणा जिल्हा गॅझेटियरच्या काळातील लेखनात सरोवराच्या काठावर व तळाशी मिळणाऱ्या क्षारांचे प्रकार स्थानिक नावांनिशी येतात. पापडी, डल्ला, खुप्पल, भुस्की ही ती नावे होत. क्षार कोणत्या रूपात साचतो, किती शुद्ध असतो आणि कोणत्या कामाला येतो, यांवरून हे प्रकार ओळखले जात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर साचणारा थर गोळा करणाऱ्या लोकांकडे सरोवराच्या ऋतुचक्राचे बारकाईचे ज्ञान होते, हे या शब्दसंपत्तीवरूनच दिसून येते. तथापि त्याच चिखलात वळवळणाऱ्या अळ्या आणि त्याच काठावर टिपण करणारे पक्षी यांच्याविषयी महसुली नोंदवही मूक राहिली. ज्या वस्तूची विक्री होते तिची नोंद होते. डासाची अथवा चिलटाची होत नाही.

१९१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि ख्रिस्ती यांनी लोणार सरोवराच्या भूशास्त्रावर सविस्तर लेख प्रसिद्ध केला. त्यातही क्षारांचा उगम आणि साठा हा मुख्य विषय होता. या पहिल्या टप्प्यात पाणी म्हणजे द्रावण आणि गाळ म्हणजे साठा, अशीच सरोवराची व्याख्या राहिली.

२. दुसरा टप्पा : विवराचा वाद

लोणारचे विवर ज्वालामुखीमुळे झाले की उल्काघातामुळे, हा प्रश्न दुसऱ्या टप्प्याचे केंद्र ठरला. अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनातील विवराची चर्चा करताना लोणारशी असलेल्या साम्याकडे लक्ष वेधले होते. विवराभोवती सर्वत्र ज्वालामुखीजन्य खडक असल्याने ज्वालामुखीचे मत दीर्घकाळ प्रबळ राहिले. १९६१ मध्ये नंदी व देव यांनी सरोवराचा उगम व त्याची अल्कता यांवर लेखन केले. १९६४ मध्ये लाफाँड व डिएट्झ यांनी उल्काघाताची शक्यता पुन्हा पुढे आणली. अखेर १९७३ मध्ये फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात आघाताच्या प्रचंड दाबानेच निर्माण होणाऱ्या पदार्थांचा पुरावा मांडला आणि बेसाल्टमधील उल्काघात विवर म्हणून लोणारचे स्थान निश्चित झाले.

विवराच्या वयाचा प्रश्न मात्र त्यानंतरही खुला राहिला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तापदीप्ती पद्धतीच्या अभ्यासाने हे वय सुमारे ५२,००० वर्षे ठरवले. २०११ मध्ये आर्गॉन समस्थानिकांच्या साहाय्याने झालेल्या मापनात ते सुमारे ५,७०,००० वर्षे आले. ही दहापट तफावत वरकरणी केवळ भूवैज्ञानिकांच्या हिताची वाटते. पण प्राणिशास्त्रालाही ती लागू पडते. एखाद्या विलग जलाशयातील जीवांना अनुकूलनासाठी पन्नास हजार वर्षे मिळाली की पाच लाख, यावर त्यांच्या उत्क्रांतीविषयीचे अनुमान अवलंबून असते. अर्थात उडणारे कीटक आणि पक्ष्यांच्या पायांना चिकटून जाणारी सूक्ष्म प्राण्यांची टिकाऊ अंडी यांच्यामुळे कोणतेही सरोवर जीवांच्या दृष्टीने पूर्णपणे बंद नसते, हेही येथे ध्यानात ठेवावे लागते.

या टप्प्याने लोणारला जागतिक कीर्ती दिली. १९७९ मध्ये त्यास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळाला. मात्र कीर्तीचा विषय खडक होता. पाणी आणि त्यातील जीव हे त्या विवरात नंतर येऊन राहिलेले रहिवासी ठरले.

३. विद्यापीठीय प्राणिशास्त्र कोठे होते?

वऱ्हाड व नागपूर भागात उच्च शिक्षणाची परंपरा जुनी आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले. प्राणिशास्त्राच्या क्षेत्रात नागपूरने नाव मिळवले ते प्रामुख्याने परोपजीवी कृमींच्या आणि वटवाघळांच्या भ्रूणविज्ञानाच्या अभ्यासामुळे. मो. अ. मोघे यांचे कृमिविषयक लेखन आणि ए. गोपालकृष्ण यांचे भारतीय वटवाघळांच्या प्रजननावरील संशोधन ही या परंपरेची ठळक उदाहरणे होत. हे कार्य दर्जेदार होते. परंतु त्याचे स्वरूप प्रयोगशाळेकेंद्री होते. नमुना गोळा करून आणायचा, त्याचे विच्छेदन करायचे, सूक्ष्म छेद घ्यायचे आणि रचना वर्णन करायची, ही त्याची पद्धत. सरोवराचा अभ्यास अशा पद्धतीने होत नाही. सरोवर प्रयोगशाळेत आणता येत नाही. ऋतूमागून ऋतू त्याच्याकडे जावे लागते.

कीटकशास्त्राची दिशा शेतीने ठरवली. १९६९ मध्ये अकोला येथे पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. कपाशी, तूर, ज्वारी या पिकांवरील किडी हा तेथील कीटकशास्त्राचा स्वाभाविक विषय होता. बोंडअळीच्या प्रादुर्भावाने शेतकऱ्यांचे हंगाम बुडत असताना संशोधनाचा पैसा व मनुष्यबळ तिकडे वळणे योग्यच होते. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यानंतर आणि पुढे २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीचा मोठा उद्रेक झाल्यानंतर ही गरज अधिकच तीव्र झाली. परिणामी विदर्भात ‘कीटक’ या शब्दाचा अर्थ ‘कीड’ असाच दृढ झाला. पाण्यात राहणारा, पिकाला न शिवणारा कीटक दोन शाखांच्या मधल्या पट्ट्यात राहिला. कृषी कीटकशास्त्राला तो उपद्रवी नव्हता आणि शरीररचनेच्या प्राणिशास्त्राला तो फारच लहान होता.

१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली आणि बुलढाणा जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आला. विद्यापीठाचे केंद्र जवळ आल्याने जिल्ह्यातील व शेजारच्या महाविद्यालयांतील अध्यापकांना संशोधनाचे मार्गदर्शन मिळणे सुलभ झाले. त्यानंतरच्या काळात लोणारच्या पाण्याचे भौतिक-रासायनिक गुणधर्म आणि प्लवक हे पीएच. डी. व एम. फिल. पातळीवरील अभ्यासाचे विषय होऊ लागले. मराठवाड्यातील विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील अभ्यासकांनाही लोणार जवळ होते. अशा प्रकारे सरोवराच्या जीवशास्त्राला प्रथमच स्थानिक अभ्यासक मिळू लागले.

४. तिसरा टप्पा : पाण्यातील जीवन

१९९३ मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील बडवे, कुमारन व राजशेखर यांनी ‘करंट सायन्स’मध्ये लोणार सरोवराच्या सुपोषणाविषयी लेख प्रसिद्ध केला. या लेखाचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. सरोवर ही बदलणारी परिसंस्था आहे आणि बाहेरून येणाऱ्या पोषकद्रव्यांचा तिच्यावर परिणाम होत आहे, हा विचार त्यातून ठामपणे पुढे आला. चिरंतन भूवैज्ञानिक स्मारक ही प्रतिमा येथे प्रथमच बाजूला सरली.

लोणारच्या अन्नजाळ्याच्या पायाशी आर्थ्रोस्पायरा, म्हणजे व्यवहारात स्पिरुलिना म्हणून ओळखले जाणारे, नीलहरित सूक्ष्मजीव आहेत. त्यांच्यामुळे पाण्याला गडद हिरवा रंग येतो. पूर्व आफ्रिकेतील नाकुरूसारख्या सोडा सरोवरांचा पायाही हाच आहे. तेथे लहान रोहित पक्षी या सूक्ष्मजीवांवर थेट जगतो. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पेनेलोपी जेन्किन यांनी १९२९ मधील मोहिमेत या सरोवरांचा अभ्यास केला आणि १९५७ मध्ये रोहित पक्ष्यांच्या गाळणीसारख्या चोचीचे कार्य स्पष्ट करणारा प्रबंध प्रसिद्ध केला. आफ्रिकेत पक्ष्याच्या चोचीपासून सरोवराच्या पाण्यापर्यंत जाणारा अभ्यास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाला होता. त्या काळात लोणारमध्ये क्षारांचे मोजमाप चालले होते, ही तुलना उद्बोधक आहे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लोणारचे जीवशास्त्र वेगाने पुढे गेले. २००६ मध्ये पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संशोधकांनी रेणवीय पद्धतींनी सूक्ष्मजीवांचे वैविध्य तपासले. २००८ मध्ये आघारकर संशोधन संस्थेच्या गटाने प्रयोगशाळेत वाढवता येणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास मांडला. २०१० मध्ये मिथेनसारख्या एक-कार्बनी संयुगांवर जगणाऱ्या जिवाणूंविषयीचे आंतरराष्ट्रीय संशोधन प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी लोणारच्या पाण्यातून मिळालेल्या एका जिवाणूसाठी ‘इंडिबॅक्टर’ ही नवी प्रजाती निर्माण करण्यात आली. ‘अल्कालिफिलस’ या तिच्या जातिनामातच अल्कधर्मी पाण्याची आवड नोंदलेली आहे.

प्राण्यांच्या बाबतीत २००८ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने आपल्या संरक्षित क्षेत्र मालिकेत लोणार वन्यजीव अभयारण्याच्या प्राणिसृष्टीवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने लोणारच्या प्राणिसंपदेची एकत्रित सूची दिल्याने पुढील प्रत्येक अभ्यासाला तुलनेसाठी आधार मिळाला. प्राणिसूची हे संशोधनाचे शेवटचे पान नसते. ती पहिली हजेरी असते. आज कोण उपस्थित आहे हे नोंदले असेल तरच उद्या कोण गैरहजर आहे हे सांगता येते.

५. तीव्र अल्कतेत प्राणी कसा जगतो?

लोणारचे प्राणिशास्त्रीय वैशिष्ट्य समजण्यासाठी त्या पाण्याने घातलेली अट समजून घ्यावी लागते. प्रथिनांच्या विघटनातून प्राण्याच्या शरीरात अमोनिया तयार होतो. सामान्य मासा तो कल्ल्यांवाटे सभोवतालच्या पाण्यात सोडतो. पाणी तीव्र अल्कधर्मी असल्यास हे विसर्जन रोखले जाते आणि शरीरातच विष साचू लागते. शिवाय पाण्यात कार्बोनेट विपुल असल्याने कॅल्शियम अवक्षेपित होते. त्यामुळे शंखधारी मृदुकाय प्राण्यांना कवच उभारणे अवघड जाते. केनियातील मागाडी सरोवरातील लहान माशाने या अडचणीतून मार्ग काढला आहे. तो अमोनियाऐवजी युरिया विसर्जित करतो, हे १९८९ मध्ये दाखवून देण्यात आले. असे अनुकूलन माशांमध्ये अत्यंत दुर्मीळ आहे. म्हणूनच तीव्र सोडा सरोवरांत मासा सहसा आढळत नाही आणि त्याची रिकामी जागा रोटिफर, लहान कवचधारी प्राणी व कीटक घेतात.

कीटकांना येथे काही उपजत लाभ आहेत. त्यांचे बाह्यकवच पाण्याची व क्षारांची ये-जा मर्यादित करते आणि अनेक जलकीटक श्वासासाठी हवेवर अवलंबून असतात. काही कीटकांनी त्याहून पुढची सोय साधली आहे. कॅलिफोर्नियातील मोनो सरोवरातील क्षारमाशीच्या अळीत माल्पिघी नलिकांचा एक भाग चुना साठवणाऱ्या ग्रंथीत रूपांतरित झालेला आढळतो. शरीरात आलेले जादा कार्बोनेट कॅल्शियमशी बांधून अळी त्याचा घन साठा करते. हर्ब्स्ट व ब्रॅडली यांनी १९८९ मध्ये ही रचना वर्णन केली. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात झुरळाच्या माल्पिघी नलिका शिकवताना त्यांचे कार्य उत्सर्जन म्हणून सांगितले जाते. तीच इंद्रिये दुसऱ्या पर्यावरणात कोणते रूप घेतात, याचे यापेक्षा समर्पक उदाहरण सापडणे कठीण आहे.

लोणारच्या संदर्भात आणखी एक बाब महत्त्वाची आहे. सरोवराला धार, रामगया यांसारख्या गोड्या पाण्याच्या प्रवाहांची जोड आहे. सरोवरात दोन प्रकारची पाणी असून ती कधीही एकमेकांत मिसळत नाहीत, असे विधान लोकप्रिय लेखनात वारंवार येते. वस्तुतः झऱ्याच्या मुखापासून सरोवराच्या मध्याकडे जाताना क्षारांचे प्रमाण व सामू बदलत जातात आणि हा संक्रमणपट्टा ऋतूनुसार मागेपुढे सरकतो. चतुर, टाचणी, डास, चिलटे, पाणढेकूण व पाणभुंगे यांच्या निरनिराळ्या जाती अशा पट्ट्यात आपापल्या सहनशक्तीप्रमाणे वाटल्या जाणे अपेक्षित असते. थोड्या अंतरात गोड्या पाण्यापासून सोडा पाण्यापर्यंतची संपूर्ण श्रेणी उपलब्ध करून देणारे असे नैसर्गिक क्षेत्र कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला क्वचितच मिळते.

असे असूनही लोणारविषयक लेखनात सूक्ष्मजीवांच्या तुलनेत कीटकांचे स्थान लहान राहिले आहे. जिवाणूच्या जनुकीय क्रमातून उद्योगाला उपयुक्त विकर मिळण्याची शक्यता असते. चिलटाच्या अळीतून असा लाभ दिसत नाही. सोळाव्या शतकात महसुली उपयोग पाहून क्षारांची नोंद झाली होती. उपयोगाची ही कसोटी एकविसाव्या शतकातही संशोधनाच्या निवडीवर परिणाम करते, असा निष्कर्ष यातून काढता येतो.

६. २०२० : गुलाबी पाण्याचा धडा

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाल्याच्या वृत्ताने सर्वांचे लक्ष वेधले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर लोणारच्या संवर्धनाचा विषय होताच. रंगबदलाची कारणे तपासण्याचे निर्देश देण्यात आले आणि पाण्याचे नमुने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे तसेच पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पोहोचले. उन्हाळ्यात पाणी घटून क्षारांचे प्रमाण वाढल्याने गुलाबी रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या हॅलोआर्किया या लवणप्रिय सूक्ष्मजीवांची वाढ झाली, असा निष्कर्ष आघारकर संस्थेच्या तपासणीतून निघाला. हे जीव तळाशी बसल्यावर पाण्याचा रंग निवळला.

या घटनेने दोन गोष्टी सिद्ध केल्या. सरोवराचा समतोल पाण्याच्या पातळीवर व क्षारांच्या प्रमाणावर किती नाजूकपणे अवलंबून आहे, हे सामान्य नागरिकालाही डोळ्यांनी दिसले. दुसरी गोष्ट अध्यापकवर्गासाठी अधिक महत्त्वाची आहे. हा रंगबदल पूर्वी कधी व किती प्रमाणात झाला होता, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देण्यासाठी दरमहा घेतलेल्या अखंड नोंदींची गरज असते. पाणी रंगल्यावर नमुना घेता येतो. रंगण्यापूर्वीची वीस वर्षे मात्र नंतर गोळा करता येत नाहीत.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाल्याचे जाहीर झाले. नांदूर मधमेश्वरनंतर हा मान मिळवणारे ते महाराष्ट्रातील दुसरे स्थळ ठरले. महसूलखाण, भूवैज्ञानिक स्मारक, अभयारण्य आणि आता आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, अशी लोणारच्या ओळखीची ही क्रमवार वाटचाल आहे.

७. गाळातील इतिहास आणि काठावरील वर्तमान

लोणारच्या तळाचा गाळ हा स्वतःच एक इतिहासग्रंथ आहे. जर्मन व भारतीय संशोधकांनी तेथून सुमारे १० मीटर लांबीचा गाळस्तंभ काढून गेल्या सुमारे ११,००० वर्षांतील मोसमी पावसाचा अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वी असे दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड येऊन गेले. पाणी आटून क्षार तीव्र झाल्यावरच तयार होणारे गेल्युसाइट या खनिजाचे स्फटिक गाळात मिळाल्याने या अनुमानास आधार मिळाला. चिलटांच्या अळ्यांची कठीण शीर्षकवचे व रोटिफरांची टिकाऊ अंडी अशा गाळात दीर्घकाळ टिकू शकतात. त्यामुळे आज कोणती जात किती क्षारतेत जगते हे निश्चित केल्यास गाळातील अवशेषांवरून भूतकाळातील पाण्याचे स्वरूप वाचता येऊ शकते. वर्तमान कीटकांची नोंद ही अशा प्रकारे इतिहास वाचण्याची किल्ली ठरते.

काठावरील वर्तमान मात्र चिंतेचे आहे. वस्तीचे सांडपाणी, विवराच्या उतारावर पूर्वी झालेली शेती, वेड्या बाभळीचा प्रसार आणि गोड्या पाण्याच्या आवकीतील बदल यांचा परिणाम अनेक अभ्यासकांनी नोंदवला आहे. सर्वसाधारण जलाशयात गोडे पाणी वाढणे ही आनंदाची बाब मानली जाते. सोडा सरोवराच्या बाबतीत तेच जीवघेणे ठरू शकते. पाणी सौम्य झाले की सर्वसामान्य जाती आत शिरतात आणि केवळ कठीण परिस्थितीतच स्पर्धेवाचून जगणाऱ्या जाती मागे पडतात. नाकुरू सरोवरात विसाव्या शतकाच्या मध्यास डासांच्या नियंत्रणासाठी सोडा पाण्यात जगणारा मासा सोडण्यात आला. त्यानंतर मासे खाणारे पक्षी तेथे मोठ्या संख्येने आले आणि सबंध अन्नजाळ्याची मांडणी बदलली. एका जातीच्या प्रवेशाचा परिणाम त्या जातीपुरता राहत नाही, याचे हे उदाहरण आहे.

८. महाविद्यालयांची भूमिका

मोनो सरोवराचा इतिहास येथे मार्गदर्शक ठरतो. त्या सरोवराला मिळणारे प्रवाह लॉस एंजेलिस शहराने १९४१ पासून वळवले आणि पाण्याची पातळी सातत्याने घसरू लागली. १९७६ च्या उन्हाळ्यात विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या एका लहान गटाने सरोवराच्या काठी राहून क्षारमाश्या, खाऱ्या पाण्यातील कोळंबीसदृश प्राणी आणि त्यांवर जगणारे पक्षी यांची पद्धतशीर गणना केली. १९७७ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे चाललेल्या दीर्घ कायदेशीर लढ्यात हा अभ्यास मूलभूत आधार ठरला आणि १९९४ मध्ये सरोवराची पातळी पुन्हा वाढवण्याचा अधिकृत निर्णय झाला. पदवी पातळीवरील विद्यार्थ्यांनी मोजलेल्या माश्या एका महानगराच्या पाणीधोरणाच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभ्या राहिल्या.

लोणारच्या परिसरातील महाविद्यालयांना अशी संधी भौगोलिकदृष्ट्या उपलब्ध आहे. पुणे, नागपूर किंवा परदेशातील संशोधक मोहीम आखून येतो व नमुने घेऊन परत जातो. मेहकर, लोणार, चिखली, हिवरा आश्रम अशा ठिकाणचा अध्यापक दर महिन्याला जाऊ शकतो. अभ्यासक्रमातील बदलही याला पूरक आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे धोरण स्वीकारले व २०१४ मध्ये ते अधिक काटेकोर केले. प्रयोगवहीतील रिकामी झालेली ही जागा क्षेत्रीय निरीक्षणाने भरता येईल. अभयारण्यात नमुने घेण्यासाठी वन विभागाची परवानगी आवश्यक असते, ही मर्यादा पाळूनही निश्चित ठिकाणांवरील सामू, तापमान, क्षारता, पाण्याची पातळी आणि प्रौढ चतुर-टाचण्यांची गणना यांसारख्या नोंदी प्राण्यांना इजा न करता ठेवता येतात. यासाठी महागड्या उपकरणांपेक्षा सातत्य अधिक लागते. अध्यापकाची बदली अथवा निवृत्ती झाली तरी नोंदवही विभागाकडे राहील आणि पुढील अध्यापक ती चालू ठेवील, अशी व्यवस्था मात्र संस्थेनेच करावी लागते. पदवी मिळाल्यावर थांबणारा अभ्यास आणि सरोवराच्या कालमानाशी जुळणारा अभ्यास यांतील अंतर याच ठिकाणी आहे.

निष्कर्ष

१. लोणारविषयक संशोधनाचे क्षारविषयक, भूशास्त्रीय व परिसंस्थाविषयक असे तीन टप्पे दिसतात. प्रत्येक टप्प्यात काय नोंदले गेले हे तत्कालीन उपयोगाच्या कल्पनेने ठरवले.
२. विदर्भातील प्राणिशास्त्राची प्रयोगशाळेकेंद्री परंपरा आणि कीटकशास्त्राचे पीककेंद्री स्वरूप यांमुळे सरोवराच्या प्राणिसृष्टीकडे, विशेषतः जलकीटकांकडे, उशिरा लक्ष गेले.
३. १९९३ मधील सुपोषणविषयक लेख आणि २००८ मधील प्राणिसूची हे या वाटचालीतील निर्णायक टप्पे होत.
४. २०२० मधील रंगबदलाने दीर्घकालीन अखंड नोंदींची निकड स्पष्ट केली.
५. अशा नोंदी ठेवण्यासाठी सर्वाधिक अनुकूल स्थितीत परिसरातील महाविद्यालये आहेत.

पापडी, डल्ला, खुप्पल असे क्षारांचे भेद ओळखणाऱ्या या परिसरातील लोकांनी सरोवराकडे पिढ्यान्‌पिढ्या लक्षपूर्वक पाहिले होते. त्याच बारकाईने आता त्यातील जीवांकडे पाहण्याची वेळ आली आहे. पाण्याचे स्वरूप बदलत असताना ज्या जातींची नावेही नोंदली गेली नाहीत त्या निघून गेल्यास त्यांच्या जाण्याची नोंदही होणार नाही. लोणारच्या प्राणिशास्त्राची खरी निकड या एका शक्यतेत सामावलेली आहे.